मिठाच्या मोलाची आगगाडी

रब्बीची ज्वारी काढून झाली आणि कांदा अजून जमिनीत असला, की गावोगावच्या मंडळींना आठ-दहा दिवसांची उसंत मिळते. कुणी पंढरपूरला जातो, कुणी लेकीकडे. हिवरे बाजार आणि आसपासच्या पाच-सहा शेतकऱ्यांनी गेल्या फेब्रुवारीत गोवा पाहायचे ठरवले आणि मलाही बरोबर घेतले. तुम्ही कधी निघालात तर मोटारीने जाऊ नका, नगर स्टेशनवरून रेल्वेने जा. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले, पण तोंडात नगरच बसले आहे, म्हणून तेच लिहितो. दिल्लीकडून येणारी गोवा एक्सप्रेस मनमाड, नगर, दौंड, पुणे, मिरज, बेळगाव करीत वास्कोला पोहोचते. म्हणजे हिवऱ्यातून सोळा-सतरा किलोमीटर आलात की थेट समुद्राला जाणारी गाडी मिळते. मधे कुठे डबा बदलायला नको.

हिवरे बाजार तुम्हाला ऐकून तरी माहीत आहेच. तीन बाजूंनी डोंगर, पाऊस वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आतबाहेर. श्री. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले आणि गावाने समतल चर, झाडे, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी असे एकेक करीत पाणी अडवले. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे नियम गावाने स्वतःला घालून घेतले. पोपटरावांना २०२० चा पद्मश्री मिळाला तेव्हा वर्तमानपत्रांत हे सगळे आलेच होते. मला त्या गावातली एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. पाऊस संपला की तिथे ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पडले, किती मुरले, प्यायला किती, जनावरांना किती, आणि उरलेल्यात रब्बीला काय घ्यायचे, हे सगळ्यांसमोर. त्यामुळे त्या गावच्या माणसाला कुठेही गेले तरी जमाखर्च विचारायची सवय लागून गेली आहे.

तशीच आमच्यातल्या नानांनाही आहे. परतीच्या वाटेवर घाटात बोगद्यामागून बोगदे लागले तेव्हा त्यांनी विचारले, “साहेब, एवढा डोंगर फोडून लाइन घातली ती कुणी? आणि पैसा कुणाचा?” खात्याच्या नोकरीत पिकांवर बोलायची सवय, पण हा विषय माझ्या जुन्या आवडीचा निघाला. तेव्हा गाडीत नानांना जे सांगितले तेच थोडे सविस्तर तुम्हाला सांगतो.

आधी हे ध्यानात घ्या की नगर ते वास्को हा रस्ता आज सलग दिसतो तरी तो तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या मालकांनी बांधलेला आहे. दौंड-मनमाड हा आपल्या नगरवरून जाणारा फाटा १८७८ चा. १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकलेला असेल. त्या दुष्काळात सरकारला कळून चुकले की धान्य असले तरी ते जिथे माणसे मरताहेत तिथे पोचवायला रेल्वे नाही. पुण्याच्या दक्षिणेला, बेळगाव-धारवाड-विजापूरच्या मुलखात तर काहीच नव्हते. त्या मुलखासाठी पुढे १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली आणि तिची अरुंद मीटरगेज लाइन १८९० पर्यंत पुण्याला येऊन मिळाली. आणि शेवटचा तुकडा, कॅसलरॉकपासून घाट उतरून मुरगाव बंदरापर्यंतचा, हा इंग्रजांच्या राज्यातलाच नव्हता. ती होती पोर्तुगीजांची हद्द.

नगर जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना हद्द म्हणजे काय ते सांगायला नको. पूर्वेला आष्टी-पाटोद्याकडे गेले की मोगलाई लागायची, म्हणजे निजामाचे राज्य. तिथे करोडगिरीचा नाका असे आणि बैलगाडीतला माल दाखवून जकात भरावी लागे. इंग्रज आणि निजाम यांच्यात जी गत, तीच इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात होती. फरक इतकाच, की निजाम इंग्रजांच्या मुठीत होता आणि पोर्तुगाल हे युरोपातले एक स्वतंत्र राज्य होते. त्याच्याशी बोलायचे तर ते रीतसर, लिस्बनला वकील पाठवून, कागदावर सह्या करून बोलावे लागे.

बोलण्याचे कारण काय? मीठ.

गोव्याच्या खाड्यांच्या काठाने मिठागरे होती आणि आजही थोडीफार आहेत. ते मीठ लमाण लोक बैलांच्या पाठीवर लादून घाट चढवीत आणि बेळगाव-धारवाडकडे नेऊन धान्य भरून परत येत. शेकडो बैलांचे तांडे. गोव्यात मीठ स्वस्त, कारण तिथे कर हलका. इकडे इंग्रज सरकारने मिठावरचा कर वाढवत नेला होता. मुंबई इलाख्यात तो १८७८ च्या सुमारास मणाला अडीच रुपये झाला. मण म्हणजे तेव्हाचा सरकारी मण, आजचे सुमारे ३७ किलो. मीठ पिकवायला मणामागे काही आणे खर्च आणि त्यावर कर चाळीस आणे! मग हद्दीपलीकडचे मीठ चोरून आणण्याचा मोह कुणाला होणार नाही? दारूचेही तेच. गोव्याची फेणी आणि माडाची दारू रानवाटांनी इकडे येई. सरकारला सगळ्या हद्दीवर पहारे बसवावे लागत.

इंग्रजांना या पहाऱ्यांचा कंटाळा आला होता असे म्हटले तरी चालेल. उत्तरेकडे तर त्यांनी मीठ अडवण्यासाठी पंजाबपासून ओरिसाच्या बाजूपर्यंत जकातीची मोठी रेषा आखून तिच्यावर कित्येक मैल काटेरी झाडांचे कुंपण वाढवले होते. हजारो शिपाई तिथे राबत. १८७९ मध्ये ती रेषा मोडली. ती मोडायची तर मीठ जिथे पिकते तिथेच ताब्यात घ्यायला हवे, म्हणून राजपुतान्यातल्या संस्थानांशी करार करून सांभर सरोवरासारखी मिठाची ठिकाणे त्यांनी भाड्याने घेतली. फ्रेंचांशी तर हा सौदा फार आधी, १८१५ लाच झाला होता. पाँडेचरीकडचे मीठ इंग्रजांच्या हाती द्यायचे आणि बदल्यात वर्षाला चार लाख सिक्का रुपये घ्यायचे. राहिले होते गोवा.

लिस्बनमध्ये त्या वेळी इंग्रजांचा वकील होता रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालचा परराष्ट्रमंत्री होता ज्योआँव द आंद्रादे कोर्व्हो. या कोर्व्होची समजूत अशी, की पोर्तुगाल लहान आणि कर्जात बुडालेला, तेव्हा वसाहती सांभाळायच्या तर इंग्रजांशी जुळवून घेऊन रेल्वे आणि बंदरे बांधून घ्यावीत. आफ्रिकेत लोरेन्सो मार्क्स बंदरातून ट्रान्सवालला रेल्वे नेण्याचा असाच करार त्याने १८७९ मध्ये केला, पण त्याच्याच देशात त्यावर इतका ओरडा झाला की तो अमलात आला नाही. गोव्याचा करार मात्र पार पडला. २६ डिसेंबर १८७८ ला लिस्बनला सह्या झाल्या आणि १५ जानेवारी १८८० पासून बारा वर्षांसाठी तो लागू झाला.

करार मोठा आहे, पण त्यातले शेतकऱ्याला समजायला हवे ते एवढेच. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकातीची भिंत पाडली, दोन्हीकडे आयात जकातीचा दर एकच. गोव्यातली मिठागरे इंग्रजांच्या मीठखात्याच्या देखरेखीखाली गेली. किती मीठ पिकवायचे आणि कुठे साठवायचे, हे ते ठरवणार. दारूवरचा कर, म्हणजे अबकारी, इंग्रजी हद्दीतल्या पद्धतीने बसवायचा. मिठाचा हक्क सोडल्याबद्दल इंग्रजांनी पोर्तुगीजांना दरवर्षी चार लाख रुपये द्यायचे. आणि मुरगावपासून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे बांधून ती इंग्रजी हद्दीतल्या रेल्वेला जोडायची.

आता नानांच्या प्रश्नाकडे येऊ. पोर्तुगीज सरकारकडे रेल्वेला पैसा नव्हता. तो लंडनच्या एका कंपनीने उभा केला, पण फुकट नव्हे. १८८१ च्या करारात कंपनीला सांगितले गेले, की तुमच्या आठ लाख पौंड भांडवलावर वर्षाला पाच टक्के व्याजाची हमी आमची. गाडी चालो न चालो, नफा होवो न होवो, पाच टक्के मिळणारच. आठ लाखांचे पाच टक्के म्हणजे चाळीस हजार पौंड. पौंडाला दहा रुपये हा जुना हिशेब धरला तर बरोबर चार लाख रुपये! मिठाबद्दल येणारे चार लाख या हमीला तारण लावले गेले. कागदावर पाहाल तर काय सुंदर जमले आहे. एका हाताने घ्यायचे, दुसऱ्या हाताने द्यायचे, आणि मधल्यामधे रेल्वे उभी.

पण इथे एक खोच आहे, आणि सावकाराशी व्यवहार केलेल्या माणसाच्या ती लगेच ध्यानात येईल. येणारा पैसा होता चांदीच्या रुपयात. द्यायचा पैसा होता सोन्याच्या पौंडात. आणि त्याच वीस वर्षांत जगभर चांदीचा भाव उतरत होता. १८८० च्या सुमारास पौंडाला बारा रुपये पडत होते, १८९२ च्या सुमारास सोळा. चाळीस हजार पौंड त्याच राहिले, पण रुपयात ते आधी चार लाख ऐंशी हजार आणि मग सहा लाख चाळीस हजार झाले. मिळकत चार लाखच. शिवाय घाटाचे काम अंदाजापेक्षा महाग निघाले, जादा भांडवल उभारावे लागले, त्याचे व्याज वेगळे. एका पिकाचे पैसे एका चलनात आणि कर्ज दुसऱ्यात, असा धंदा करू नये, हे आज निर्यातीच्या द्राक्षवाल्यालाही कळते.

मग हे चार लाख इंग्रजांनी कुठून दिले? मिठाच्या करातून. म्हणजे आपल्याच जेवणातून. इथे मी नानांना त्यांच्याच गोठ्याचा हिशेब घालून दाखवला. दुभत्या गाईला दिवसाला तीसेक ग्रॅम मीठ हवे, असे आम्ही शेतकऱ्यांना सांगत असतो. वर्षाचे झाले अकरा किलो. मणाला अडीच रुपये दराने त्यावर नुसता कर बसतो बारा आण्यांच्या जवळ. त्या काळी शेतमजुराला दिवसाला दोन-तीन आणे मिळत. म्हणजे एका गाईला वर्षभर मीठ चारायचे तर चार-पाच दिवसांची मजुरी निव्वळ करात गेली. मधल्या १८८२ ते १८८८ या काळात दर दोन रुपयांवर आणला होता, पण पुन्हा अडीच केला. माणसाला मीठ सोडता येत नाही, म्हणून तुटत असे ते जनावराचे. नाना म्हणाले, “आमच्या आजोबांच्या गाई शेरभर दूध का देत, ते आज कळलं.” अर्थात दूध कमी असण्याची इतर कारणेही होती, चारा आणि जात यांची, पण मी त्यांना अडवले नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात हा कर उतरवा म्हणून सरकारला आकडे मांडून खडसावले आणि १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला.

गोव्यात पोहोचल्यावर बाकीची मंडळी समुद्र पाहायला निघाली तेव्हा आम्ही तिघे हडफड्याच्या बाजूची मिठागरे पाहायला गेलो. तुम्हीही जरूर जा. फेब्रुवारी ते मे हा हंगाम. खाडीचे पाणी बांधातल्या दरवाजातून आत घेतात, या दरवाजाला तिकडे ‘मानस’ म्हणतात. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने त्याची दारे आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. माणूस लागत नाही. आत घेतलेले पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, उन्हाने दाट होत जाते आणि शेवटच्या वाफ्यात मीठ धरते. वाफ्याची माती तुडवून, चोपून इतकी घट्ट केलेली, की आपल्याकडच्या खळ्याची आठवण व्हावी. खाडीकाठच्या अशाच बांध घातलेल्या जमिनींना खाजण म्हणतात. पावसाळ्यात खाजणात कोरगुट नावाचा भात घेतात, तो खारे पाणी सोसतो. बांध फुटला तर साऱ्या गावाचे शेत खारट होते, म्हणून बांधाची देखभाल पूर्वीपासून गावकीने केली. हे ऐकून हिवऱ्याच्या मंडळींचे डोळे चमकले. पाण्यासाठी गावाने एकत्र बसायचे, एवढे त्यांना कुठेही ओळखता येते. आमच्याकडे पाणी आत धरून ठेवायची धडपड आणि यांच्याकडे बाहेर ठेवायची, असे एकजण म्हणाला.

या मिठागरांवर त्या करारानंतर इंग्रजांच्या मीठखात्याचे शिपाई बसले. परवान्याशिवाय मीठ पिकवायचे नाही, पिकवलेले सरकारी कोठारात घालायचे, कर भरल्याशिवाय उचलायचे नाही. लहानसहान मिठागरांवर पहारा ठेवणे खात्याला परवडेना, तेव्हा ती बंदच केली. कित्येक कुटुंबांचा पिढीजात धंदा असा गेला. लमाणांच्या बैलांचीही गरज उरली नाही. माडावर चढून सूर काढणारे जे रेंदेर, त्यांच्यावर अबकारीचा बोजा आला. एकेका माडाची मोजणी, एकेका भट्टीचा परवाना. गोव्यातून मुंबईला पोटासाठी जाणाऱ्यांची रीघ आधीपासून होती, ती या वर्षांत वाढली. ज्या रेल्वेने व्यापार यायचा होता, ती पुढे अशा माणसांनाही बाहेर घेऊन जाऊ लागली.

माझे मत स्पष्ट सांगतो. रेल्वे बांधली हे वाईट केले असे मला वाटत नाही. दुष्काळात रेल्वे नसणे काय असते ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. पण मिठागरवाला, रेंदेर आणि कर भरून मीठ खाणारा देशावरचा शेतकरी, या तिघांच्या खिशातून ती बांधली गेली आणि तिघांतल्या एकालाही कुणी विचारले नाही. हिवऱ्याच्या ग्रामसभेत ऊस लावायचा नाही असे ठरले तेव्हा ज्याचा ऊस जाणार तो माणूस तिथे समोर बसला होता. लिस्बनच्या त्या टेबलाशी मीठ पिकवणारा बसलेला नव्हता. कोर्व्होलाही गोव्याचे भले करायचे होते, पण त्याने गोव्याचा जमाखर्च गोव्याबाहेर मांडला.

रेल्वे १८८८ पर्यंत पुरी झाली, म्हणजे कराराची आठ वर्षे बांधण्यातच गेली. आणि जो फायदा अपेक्षित होता तो दुसऱ्याच कारणाने मार खात होता. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या आग्रहाने हिंदुस्थानातली बहुतेक आयात जकातच काढून टाकली. दर दोन्हीकडे एकच ठेवायचा अशी अट असल्यामुळे गोव्यालाही तेच करावे लागले. बंदरावरची जकात हे गोव्याच्या तिजोरीचे एक मोठे उत्पन्न होते. ते आटले, ते मँचेस्टरसाठी! गोव्याचा त्या कापडाशी संबंध किती, ते तुम्हीच पाहा.

धारवाड-गदगचा कापूस मुरगावला उतरेल आणि तिथून थेट विलायतेला जाईल, अशी आशा होती. अंतर कमी, लाइन एकाच मापाची, मधे माल उतरवून चढवायला नको. पुण्याला मात्र मीटरगेजचा माल उतरवून मोठ्या लाइनीच्या वॅगनमध्ये भरावा लागे. तरीही बराच माल मुंबईलाच जाई. मुंबईला गिरण्या, दलाल, उचल देणारे अडते, दर आठवड्याला सुटणारी जहाजे. शेतकरी जवळच्या बाजाराला जातो असे नाही, जिथे उचल मिळते तिथे जातो, हे आपल्या कांद्यावरूनही कळेल. वाहतुकीच्या दरावरून कंपन्या-कंपन्यांची ओढाताण होती ती वेगळीच. घाटातली छोटी लाइन एका कंपनीची, वरची दुसरीची. शेवटी १९०२ मध्ये गोव्याची लाइन चालवायचे कामही सदर्न मराठा कंपनीकडेच दिले गेले.

त्याआधीच करार संपला होता. जानेवारी १८९२ मध्ये बारा वर्षे भरली आणि तो पुन्हा झाला नाही. दोन वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या मुलखावरून इंग्लंडने पोर्तुगालला निर्वाणीचा खलिता दिला होता, त्याने पोर्तुगालमध्ये इंग्रजांबद्दल संताप होता. गोव्यातही करारावर कुणी खूश नव्हते. करार संपला तसे मिठाचे चार लाख थांबले. व्याजाची हमी मात्र थांबली नाही, कारण ती कंपनीशी केलेली होती आणि तिचा या कराराच्या मुदतीशी संबंध नव्हता. ज्याच्या भरवशावर कर्ज काढले ते पीक गेले आणि हप्ता राहिला, अशी स्थिती.

जकातीची भिंत पुन्हा उभी राहिली. पोर्तुगीजांनी आपले दर बसवले, इंग्रजांनी आपले नाके. १८९४ मध्ये हिंदुस्थानात बहुतेक मालावर पुन्हा पाच टक्के आयात जकात आली, तेव्हापासून तर मुरगावला उतरलेला डबा कॅसलरॉकला परदेशचा माल म्हणून तपासला जाऊ लागला. घाटाच्या पायथ्याशी कुळे स्टेशनावर पोर्तुगीजांची तपासणी आणि माथ्यावर कॅसलरॉकला इंग्रजांची. आंध्रात किंवा पंजाबात कांदा पाठवताना नाक्यावर रात्र काढलेली माणसे तुमच्यात असतील, त्यांनी त्या वॅगनवाल्यांची कल्पना करावी.

आम्ही जाताना हा घाट रात्रीच्या अंधारात ओलांडला होता, काही दिसले नाही. येताना गाडी वास्कोहून दुपारी निघाली, त्यामुळे कुळ्यापासून पुढे उजेड मिळाला. वेळापत्रके बदलतात, तेव्हा तुम्ही चौकशी करून दिवसाची गाडी धरा. कुळ्याला गाडीला मागून जादा इंजिने लावली. तिथून कॅसलरॉकपर्यंत पंचवीस-सव्वीस किलोमीटर, आणि चढ साधारण चाळीस फुटांमागे एक फूट. सोनावळी, दूधसागर, करंझोळ अशी जंगलातली स्टेशने. फेब्रुवारीत दूधसागरला पाणी बेताचेच होते, तरी पुलावरून गाडी जाते तेव्हा सगळा डबा एका बाजूला झुकला. दगडी मोऱ्या आणि बोगद्यांची तोंडे अजून जुनी आहेत. लाइनीचे माप तेवढे बदलले. मीटरगेज जाऊन मोठी लाइन झाली ती १९९० नंतरच्या दशकात.

या लाइनीने आणखी एक हद्द पाहिली. १९४७ मध्ये इंग्रज गेले, पण पोर्तुगीज राहिले, आणि कॅसलरॉकचा नाका स्वतंत्र भारताचा झाला. १५ ऑगस्ट १९५५ ला महाराष्ट्रातून आणि इतर प्रांतांतून सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले. पत्रादेवीला त्यांच्यावर गोळ्या चालल्या, माणसे पडली. त्यानंतर भारत सरकारने नाकेबंदी कडक केली आणि ही रेल्वे वाहतूक बंद झाली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर हा रस्ता पुन्हा उघडला आणि कुळे-कॅसलरॉकचे दोन्ही नाके गेले.

तंटा मात्र संपलेला नाही. आता मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा याच घाटाने वर कर्नाटकातल्या पोलादाच्या कारखान्यांना जातो. त्यासाठी घाटात दुसरी लाइन टाकायची योजना आहे आणि तिला गोव्यातल्या लोकांचा विरोध आहे, जंगल जाईल आणि कोळशाची धूळ घरात येईल म्हणून. घाटातल्या या कामाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. कुळ्याच्या आसपासच्या लोकांशी बोललात तर दोन्ही बाजू ऐकायला मिळतील. ऐकून घ्या.

कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबली. घाटाची इंजिने सोडवत होते. आम्ही खाली उतरलो. लहानसे स्टेशन, भोवती दाट रान, हवेत गारवा. नानांनी हडफड्याहून पाच किलो जाडे मीठ आणले होते, गाईंसाठी. ती पिशवी बाकाखाली नीट आहे ना ते पाहायला ते पुन्हा डब्यात चढले, आणि तेवढ्यात गाडीने शिटी दिली.